उंबरठ्यावर एक जोड कमी

यवतमाळ
८ सप्टेंबर २०२४

प्रेम,

हे पत्र समेटासाठी नाही. हा गैरसमज पहिल्याच ओळीत दूर केलेला बरा, कारण तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचशील याची मला खात्री नाही. शाळेतही तू धड्याखालचे प्रश्न पाहून धडा वाचल्याचे सांगत असायचास. मला बाई म्हणतोस, पण बहिणीचा फोन तू उचलत नाहीस, आणि मोबाइलवरच्या संदेशांत स्वल्पविरामाची काही प्रतिष्ठा राहत नाही. म्हणून पत्र.

विषय तुझ्या भाचीचा, माझ्या अंजूचा आहे. तिने स्वतः मुलगा पसंत केला आहे. तो मारेगावला पशुवैद्यक आहे. मी त्याची दोनदा कसून परीक्षा घेतली. तो सरळ आहे, वेळेवर येतो, आणि ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक नाही असे सांगतो. हा गुण माझ्या सहकारी प्राध्यापकांतही मला क्वचित आढळला आहे. अंजूच्या वडिलांचा होकार आहे. त्यांचा होकार आपल्या घरात कोणी विचारात घेत नाही, ही वेगळी गोष्ट. अडले आहे ते याडीपाशी, म्हणजे नेहमीप्रमाणे आपल्या आईपाशी.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. बापू होते तेव्हा मोठा निर्णय ते घेत, आणि ते गेल्यावरही तेच घेतात. पहाटे याडीच्या स्वप्नात यायचे, ओसरीवर टेकायचे, बैलजोडी घ्या किंवा घेऊ नका असे सांगायचे आणि निघून जायचे. छपरावर टिनाचे पत्रे घालायचा निर्णयही त्यांनी मृत्यूनंतर आठ महिन्यांनी दिला. आता याडी म्हणते, "बापूले इचारल्याबिगर मी पोरीचा शब्द देत नाई." आणि बापू येत नाहीत. दीड वर्ष झाले, एकदाही आलेले नाहीत.

याडी मनातून खचली आहे. तिचे म्हणणे, तू आणि मी बोलत नाही म्हणून ते रुसले. मी तिला समजावले की आपला अबोला तीन वर्षांचा आहे आणि बापूंची अनुपस्थिती दीड वर्षाची. कार्यकारणभाव जुळत नाही. ती म्हणाली, "थो पह्यले वाट पाह्यत होता. मंग रुसला."

मुलाचे वडील, केळापूरचे उत्तमसिंग, सभ्य गृहस्थ आहेत, पण परवा फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितले, "मॅडम, दसऱ्यापर्यंत शब्द द्या. आमचा म्हातारा घाई करून राह्यला. नाईतर आमी दुसरीकडं पाहू." अंजू भांडी फार जोराने ठेवते.

तेव्हा मी ठरवले आहे: बापूंना मी आणीन. स्वप्नांना अर्थ असतो असे मी मानत नाही, हे तू तांड्याच्या समाजमंदिरात माझ्या तोंडून ऐकलेच आहेस. तुझ्या स्वप्नात बापू उंच झाडावर बसून तुला वर बोलावत होते, आणि तेवढ्यावरून तू हैदराबादला क्रेन चालवायला निघालास! झोपेत स्नायू सैल पडतात, तोल सांभाळणारी यंत्रणा भरकटते, म्हणून उंचावर असल्याचा भास होतो, हे मी त्या दिवशी सर्वांसमक्ष सांगितले. ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. लोक हसले आणि तू अबोला धरलास, त्याला मी काय करणार? पण स्वप्नाला अर्थ नसला तरी वेळापत्रक असते, आणि वेळापत्रक हा माझा प्रांत आहे.

तुला कळावे म्हणून कळवले. उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी बाई,
ममता

यवतमाळ
१६ सप्टेंबर २०२४

प्रेम,

तुझा निरोप अंजूकडून समजला. "बाईले सांग, पत्र भेटलं. झाडावर नाई, झाडाच्या शेंड्यावर बसले होते बापू." दुरुस्तीची नोंद घेतली आहे. अंजू माझ्या पत्राचे फोटो काढून टपालाच्या आधीच तुला पाठवते, हेही मला ठाऊक आहे. मूळ प्रतीवरचे जोडाक्षर फोटोत पुसट दिसते, म्हणून टपाल मी थांबवणार नाही.

काल तांड्यावर गेले होते. आपल्या पूर्वजांची लदेणी, म्हणजे लादलेल्या बैलांचा तांडा, धान्य आणि मीठ घेऊन मुक्काम करत करत जात असे, तशी झोपही मुक्काम करत जाते. पहिला मुक्काम हलका: पापणी मिटलेली, पण कुत्रे भुंकले तर जाग येते. मग सलग चाल, मग खोल मुक्काम. तिथे माणूस ओंडक्यासारखा पडतो आणि शरीर आपली डागडुजी करून घेते. तिथून परत वर येताना स्वप्नांचा मुक्काम लागतो. पापण्यांखाली बुबुळे भिरभिरतात, हातपाय मात्र लुळे. साधारण दीड तासात एक फेरी होते, आणि रात्रभर अशा फेऱ्या चालतात. खोल मुक्काम आरंभीच्या फेऱ्यांत मोठे असतात, स्वप्नांचे मुक्काम पहाटेकडे लांबत जातात. आणि त्या मुक्कामातच जाग आली तर स्वप्न हाती लागते. एरवी ते वाटेतच सांडते.

हे सगळे मी याडीला नीट सांगितले. ती म्हणाली, "एवढं शिकली, अन् झोपाले शिकली."

मी ठरवले की दुपारी ती जेवून लवंडली की बसून राहायचे आणि योग्य क्षणी उठवायचे. ती लवंडली. मी खुर्ची घेऊन उशाशी बसले. शेजारची चंदाबाई दारातून दोनदा डोकावली आणि तिसऱ्यांदा आत येऊन हळूच म्हणाली, "काय झालं वो? मैनाबाईले बरं नाई का?" मी तिला ओठांवर बोट ठेवून बाहेर काढले. बाहेर जाऊन तिने काय सांगितले कोण जाणे. थोड्या वेळात ओसरीवर चार बाया पदर सावरून गप्प बसल्या होत्या.

त्या गर्दीमुळे माझे लक्ष विचलित झाले आणि मी याडीला वेळेआधी हलवले. ती खोल मुक्कामात होती. डोळे उघडले, पण त्यांत याडी नव्हती. माझ्याकडे पाहत म्हणाली, "दूध नाई पाह्यजे आज." मी म्हणाले, "याडी, मी ममता." ती म्हणाली, "मंग उद्या ये." आणि कुशीवर वळली. ओसरीवरच्या चौघी पोट धरून हसल्या. चंदाबाई म्हणाली, "पोरगी डॉक्टर झाली, माय म्हनते दूधवाली!"

खोल झोपेतून उठवलेल्या माणसाचे असेच होते. मी वर्गात दरवर्षी शिकवते. दोष सिद्धांताचा नाही, उठवण्याच्या वेळेचा होता. ती वेळ मी दुरुस्त करीन.

ममता

यवतमाळ
२३ सप्टेंबर २०२४

प्रेम,

कारण सापडले, आणि ते इतके साधे आहे की माझा स्वतःवरच राग आहे. तांड्यात नळ आला तो दीड वर्षापूर्वी. पाणी पहाटे चारला सुटते. याडी तेव्हापासून चारला ताडकन उठते आणि हंडा घेऊन धावते. स्वप्नांचा सर्वांत मोठा मुक्काम ज्या वेळी लागतो, त्याच वेळी तिची झोप कापली जाते. बापू रुसलेले नाहीत, प्रेम. ते येत असतील त्या वेळी ती नळावर असते.

'पहाटेचे स्वप्न खरे होते' या म्हणीवर मी वर्गात नेहमी टीका करते. त्या टीकेचा पूर्वार्ध मी आता मागे घेते: स्वप्ने खरोखरच पहाटे अधिक पडतात. उत्तरार्धाबाबत माझे मत कायम आहे.

मी नळ सोडणाऱ्या वामनरावांकडे गेले. पाणी सहाला सोडता येईल का, असे रीतसर विचारले, कारणही सांगितले. त्यांनी व्हॉल्व्हची चावी खाली ठेवली. "म्हन्जे धरमसिंगभाऊ सपनात याचे म्हनून मी साऱ्या गावाचं पानी रोखू? त्याहिले म्हना, आमच्या टायमात बसा." मी म्हणाले, मृत व्यक्तीला वेळ कळवण्याची सोय नाही. ते म्हणाले, "मंग ग्रामपंचायतीलेबी नाई."

अंजू म्हणाली, पाणी ती भरेल. याडीने तेही मोडून काढले: "तिले हंडा धुता येते का? गाळणं उलटं बांधते." म्हणजे ती उठणारच.

उरला एकच शास्त्रशुद्ध मार्ग. पहाटे अर्धवट तुटलेली झोप सकाळी पुन्हा लागली, तर माणूस फार लवकर स्वप्नांच्या मुक्कामाला पोहोचतो. दुपारची डुलकी त्यासाठी कामाची नाही; सकाळची आहे. पण सूर्य वर आल्यावर तांड्यातली बाई झोपलेली दिसणे म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. याडी लालबुंद झाली. "सकाळी झोपाले मी का बिमार हाय? लोक काय म्हनतीन?"

मी म्हणाले, मग यवतमाळला माझ्या फ्लॅटवर चल. तिसऱ्या मजल्यावर कोणी पाहणार नाही. तिने मान डोलावली. मला वाटले, जिंकले. मग ती म्हणाली, "अन् बापूले तुह्या फ्लॅटचा पत्ता कोठी मालूम हाय?"

मी तेवीस वर्षे अध्यापन केले आहे. हा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला.

शेवटी तोड तिनेच काढली. "तू झोप. पोरगी शयरातून थकून आली, झोपली, तिच्याजवळ माय लवंडली. कोनी काई नाई म्हननार." म्हणजे रविवारी सकाळी, दार उघडे टाकून, साऱ्या तांड्यादेखत, डॉ. ममता राठोड घोरत पडलेल्या दिसल्या पाहिजेत. प्रेम, ज्या बाईने आयुष्यात कधी सूर्योदयानंतर अंथरूण पाहिले नाही, तिच्या वाट्याला हे यावे! अंजू तिथेच उभी होती. तिने भांडे ठेवले, पण आवाज न करता. मी हो म्हणाले.

मी अर्थात झोपणार नाही. डोळे मिटून याडीच्या पापण्यांवर नजर ठेवीन. डोळे मिटून नजर कशी ठेवायची, याचा विचार चालू आहे.

ममता

यवतमाळ
७ ऑक्टोबर २०२४

प्रेम,

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाऊस आणि पाहुणे एकदमच आले. म्हणून प्रयोग काल केला. प्रयोग यशस्वी झाला.

पाणी भरून, चहा पिऊन आम्ही दोघी सकाळी ओसरीवर गोधडी टाकून पडलो. शेजारच्या आवारात सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, रचत होते, त्याची धूळ आणि वास. चंदाबाई दारावरून गेली, थांबली, आणि साऱ्या तांड्याला ऐकू जाईल असे कुजबुजली, "अगं माय! मास्तरीन झोपली!" मी डोळे उघडले नाहीत. हा माझ्या आयुष्यातील सर्वोच्च आत्मसंयम आहे. तुला क्रेनवरूनही यापेक्षा उंच काही दिसणार नाही.

स्वप्न पडले. योग्य मुक्कामात, योग्य क्षणी जाग आणली गेली, त्यामुळे तपशील शाबूत राहिले. बापू आले होते. पांढरे धोतर, डोक्याला तोच लाल फेटा, हातात काठी. ओसरीवर टेकले नाहीत. उंबरठ्याजवळ उकिडवे बसून दारातल्या चपला काठीच्या टोकाने सरळ करत होते, जोडीला जोड लावत होते. लग्नघरी पाहुणे आले असावेत तशा पुष्कळ चपला होत्या. सगळ्या लावून झाल्या, तसे त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "एक जोड कमी हाय."

बस. एवढेच. लग्नाविषयी चकार शब्द नाही.

चंदाबाईने तात्काळ अर्थ सांगितला की सपनात चपला म्हणजे परवास. मी सांगितले की आदल्या दिवशी दारातल्या चपला पावसाने भिजल्या म्हणून उन्हात मांडल्या होत्या; दिवसभराचे उष्टे मन झोपेत चघळते. याडीने आम्हा दोघींनाही गप्प बसवले. "कोनाची जोड कमी, हे का सांगा लागते? पोरीचा मामाच नाई दारात. थो आला, का मी शब्द देतो उत्तमसिंगले."

दसरा शनिवारी आहे. अंजूने फराळाची भाजणी दळायला दिली आहे. ती आशावादी आहे. मी परिस्थिती कळवण्याचे काम केले. निर्णय तुझा.

ममता

यवतमाळ
९ ऑक्टोबर २०२४

प्रेम,

तुझा निरोप अंजूने शब्दशः वाचून दाखवला. "याडीच्या सपनासाठी मी कायले येऊ? पोरगी बाईची, लग्न बाईच्या घरचं. बाईले मी दिसतो का सपनात? थिच्या शास्त्रात तर सपन म्हन्जे भजे पचले नाई म्हनून!" भज्यांचा उल्लेख मी कधीही केलेला नाही, तो चंदाबाईचा आहे. बाकीचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर देते.

मागच्या पत्रात मी 'स्वप्न पडले' असे लिहिले. कोणाला पडले, ते लिहिले नाही. अपूर्ण विधान खोटे नसते, असे मी मनाशी म्हणाले. माझ्या विद्यार्थ्याने असे म्हटले असते तर मी त्याचे गुण कापले असते.

झाले असे. डोळे मिटून पडले आणि सोयाबीनची धूळ, याडीच्या हाताचा घामट वास, गोधडी, यांत मी झोपले. खरोखर झोपले. जाग आली ती याडीच्या हलवण्याने. ती कोपरावर टेकून माझ्या चेहऱ्यावर वाकली होती. "तुह्ये डोये भवऱ्यावानी फिरून राह्यले होते. तूच सांगतलं होतं ना, तवा उठवाचं? सांग पटकन, सांडाच्या आंधी. काय पाह्यलं?"

आणि अर्धवट झोपेत, विचार करायला अवसर मिळण्याआधी, मी सांगून टाकले. बापू, चपला, काठी, एक जोड कमी. हे बोलत असताना मला हुंदका आला, असे चंदाबाई सर्वत्र सांगते. तो घशातल्या धुळीचा परिणाम होता. काही अंशी.

मी म्हणाले, "याडी, पण ते माझ्या स्वप्नात आले, तुझ्या नाही. हे ग्राह्य नाही." ती हसत हसत उठली, केस बांधले. "तो मले उठवाले आला, मी नळावर. मंग तुह्या दारात गेला. पत्ता मालूम होता म्हनायचा त्याले."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर: हो. माझ्या स्वप्नात दारात तुझी जागा रिकामी होती, आणि ती मला दिसली. तिचा शास्त्रीय अर्थ काही नाही. तू यावेस, एवढाच आहे.

अंजू काल रात्रीपासून दर गाडीची वेळ पाहते आहे. दसऱ्याला ये. आणि पादत्राणे घालून ये. अनवाणी आलास तर सगळाच हिशेब बिघडेल.

तुझी बाई,
ममता

यवतमाळ
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रेम,

पोहोचल्याचा निरोप मिळाला. हैदराबादच्या बसमध्ये लोक तुझ्या पायांकडे का पाहत होते, याचे आश्चर्य वाटून घेऊ नकोस. मांगलिक कार्याहून परतणारा सहा फूट उंचीचा माणूस आर्णीच्या टपरीवरून घेतलेल्या गुलाबी रबरी चपला घालून जात असेल, तर मीही पाहीन.

तुझे ते लोखंडी टोकाचे, क्रेनवरचे बूट याडीने दिले नाहीत, याबद्दल तू माझ्याकडे तक्रार केलीस. मी चौकशी केली. शनिवारी तू ते दारात काढलेस, तिने हात लावून पाहिले, आत गेली, नारळ घेऊन बाहेर आली आणि उत्तमसिंगांच्या हातात ठेवला. हे सगळ्यांनी पाहिले. रविवारी सकाळी बूट शोधत तू गोठ्यापर्यंत गेलास, तेव्हा ते तिच्या गोधडीखाली होते. हे फक्त मी आणि चंदाबाईने पाहिले, म्हणजे आता सर्वांना ठाऊक आहे.

मी तुझी बाजू मांडली. सांगितले, याडी, त्याला कामावर लागतात. ती म्हणाली, "थो दुसरे घेईन. हे लग्नापरयंत इथंच राह्यतीन. बापू मोजाले आला तर?"

तारीख मार्गशीर्षातली निघाली आहे, अंजू सविस्तर कळवेल. ती हल्ली भांडी अगदी हळुवार ठेवते. याडी अजूनही चारला उठते, पण पाणी भरून पुन्हा लवंडते, दार उघडे टाकून, सगळ्यांदेखत. चंदाबाईने विचारले तर सांगते, "डॉक्टरीननं सांगतलं हाय." काल बापू तिच्या स्वप्नात येऊन गेले. काय म्हणाले, ते तिने सांगितले नाही. फक्त बूट पुसून, जोडीला जोड लावून, उंबरठ्यावर ठेवले.

मी काल सकाळी पुन्हा त्या रविवारसारखी झोपले. सोमवार होता.

तुझी बाई,
ममता